बारकीचा सा

तुळजानं तोंड उघडलं की तिची मेलेली बहीण बोलायची.

भाजीवालीशी भांडताना, कुत्र्याला हाकलताना, ठेच लागल्यावर "आई गं" म्हणतानासुद्धा आवाज रेणूचा यायचा. बारीक, उंच, पितळी घंटेला नखानं टिचकी मारावी तसा. शिव्या मात्र तुळजाच्या होत्या. रेणूनं उभ्या जन्मात कुणाला गाढव म्हटलं नव्हतं. त्यामुळं गल्लीतल्या बाया पदरात तोंड खुपसून हसायच्या, "रेणू मेल्यावर लईच बिघडली गं." 

मिरजेत ह्यात कुणाला नवल वाटायचे दिवस कधीच सरले होते. नाक्यावरचा चहावाला सोपान आपल्या बापाच्या आवाजात गिऱ्हाईक बोलवायचा. बाप गेल्यावर गिऱ्हाईक तुटलं होतं, बापाचा आवाज बसवून घेतल्यावर परत आलं. शेजारच्या हौसाबाईंच्या पोरानं पण बापाचा आवाज घातला आणि पहिल्याच सकाळी हुकूम सोडला, "चहा टाक." हौसाबाईंनी लाटणं फेकून मारलं. "तो होता तवर ऐकलं, आता तुझं पण ऐकू व्हय रं?" पोराच्या कपाळाला टेंगूळ आलं. मग हौसाबाई दार लावून दुपारपर्यंत रडत बसल्या आणि संध्याकाळी स्वतःच पोराला म्हणाल्या, "एकदा परत म्हण की."

ह्या गोष्टीचं नाव स्वरपापुद्रा. लोक नुसतं पापुद्रा म्हणायचे. माणसाच्या गळ्यात दोन बारके पडदे असतात. फुप्फुसातला वारा त्यांच्यामधून गेला की ते थरथरतात, तोच आवाज. पडदे लांब आणि जाड असले तर आवाज खाली बसतो, आखूड आणि पातळ असले तर वर चढतो. संबळाची मोठी वाटी घुमते आणि छोटी टणटणते, तसंच. पापुद्रा म्हणजे जिवंत पेशींची एक साय, कांद्याच्या आतल्या पडद्याएवढी पातळ. मेलेल्या माणसाच्या गळ्याचा ठसा तिरडी बांधायच्या आधी घ्यायचा, त्याच्या बोलण्यागाण्याची रेकॉर्डिंग द्यायची आणि त्यावरून ही साय वाढवून जित्या माणसाच्या पडद्यांवर चिकटवायची. मग जित्याचे पडदे मेलेल्यासारखे थरथरतात. अट एकच. तो आवाज आपल्या गळ्याच्या आवाक्यात बसायला हवा. भावंडांचा बहुतेक वेळा बसतो. हाडं एकाच मुशीतली असतात ना.

तुळजाचे वडील अंबादास पाचंगे गोंधळी होते. लग्न झालं, पोर झालं, की लोक देवीचा गोंधळ घालायला त्यांचा मेळ बोलवायचे. आबा संबळ वाजवायचे, आई तुणतुणं धरायची, रेणू मधे उभी राहून गायची. तुळजा सगळ्यात धाकटी, तिला बारकी म्हणायचे. ती मागं उभी राहून झील ओढायची, म्हणजे रेणूची ओळ संपली की तिची शेपटी धरून सूर लांबवायचा. बारकीचा सूर तेव्हा फाटक्या पत्र्यासारखा होता. रेणू तिला चिमटा काढून म्हणायची, "हळू ओढ, देवी पळून जाईल."

कार्यक्रमाला निघताना आबा माणसं डोळ्यांनी मोजायचे नाहीत. तुणतुण्याची तार छेडायचे आणि म्हणायचे, "टाका आवाज." मग एकेकानं आपापला सा द्यायचा. तार एकच, पण ज्याचा त्याचा सा ज्याच्या त्याच्या मजल्यावर. आबांचा तळात, आईचा मधे, रेणूचा पार माळ्यावर, आणि बारकीचा जिन्यात कुठंतरी धडपडलेला. सगळे आले की आबा तार दाबायचे. "मोजदाद झाली. चला." त्यांच्या बापानं असंच केलं होतं, आज्यानं पण असंच. अंधारात, धुरात, जत्रेच्या गर्दीत माणूस दिसत नाही, पण त्याचा सा लपत नाही, असं त्यांचं म्हणणं.

जतच्या जत्रेहून येताना गाडी पलटली. आईला खरचटलं. तुळजाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. आबांचे डोळे गेले. रेणू गेली.

आबा कितीतरी दिवस शुद्धीवर नव्हते. त्यांच्या नकळत रेणूच्या गळ्याचा ठसा घेतला आणि तिला अग्नी दिला. मधूनच ओठ हलायचे आणि एकच शब्द निघायचा, "रेणू." दवाखान्यातले म्हणाले, आता धक्का दिलात तर हे वाचणार नाहीत. आईनं तुळजाकडं बघितलं. पंधरा वर्षांची पोर, हात गळ्यात बांधलेला.

"तुझ्या आबांना तिचा आवाज दे," आई म्हणाली. "तुझा कुठं जाणाराय? परत काढता येतोय म्हणं."

तुळजानं दिला. आबांनी डोळ्यांवरच्या पट्टीसकट मान वळवली आणि म्हणाले, "आलीस व्हय?" आणि ते जगले.

मग प्रश्न आला, बारकी कुठं आहे? आईनं उत्तर तयारच ठेवलं होतं. "सोलापूरला तिच्या मावशीकडं धाडली. शाळंत घातलीया." आबांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि म्हणाले, "बरं केलंस." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. तुळजाला हसू आवरेना. नववीत गणिताच्या मास्तरच्या अंगावर डस्टर फेकून ती शाळेतनं जी बाहेर पडली ती पडलीच होती.

"मी आणि शाळा! आबांना पटलं तरी कसं?"

"माणूस सुखात असला की त्याला कायबी पटतं," आई म्हणाली.

अख्खी गल्ली त्या खोट्यात सामील झाली. घराजवळ आलं की सगळे तुळजाला रेणू म्हणायचे. ती रेणूचे पैंजण घालायची. आबांनी चेहरा चाचपायला हात पुढं केला की त्यांच्या हातात तांब्या द्यायची. संध्याकाळी दिवा लागला की रेणूच्या आवाजात देवीचं एक पद म्हणायची. आबा संबळावर नुसती बोटं फिरवायचे. मोजदाद मात्र त्यांनी परत कधी केली नाही. मेळच मोडला होता, मोजायचं कुणाला, असं मायलेकींना वाटायचं.

*

अठरा पूर्ण झाल्यावर, जिथं पापुद्रा बसवला होता त्या कंठालयातून बोलावणं आलं.

सांगली आणि मिरजेच्या मधल्या माळावर ती बैठी इमारत होती. डॉक्टर फिरदौस मुजावर पन्नाशीच्या, केस मागं घट्ट बांधलेले. समोर भिंतभर यंत्र, तरी टेबलावर एक जुनी बाजाची पेटी होती.

"एवढं मोठं मशीन हाय, मग पेटी कशाला?" तुळजानं विचारलं.

"मशीनला नको, मला हवी. बस. खाली खाली येत जा. मी स्वर देते, तू 'आ' म्हण."

तुळजा खाली येत गेली. एका जागी रेणूचा आवाज विस्कटला आणि नुसता वारा यायला लागला.

"संपला," तुळजा म्हणाली.

"रेणूचा संपला. तू थांबू नकोस, वारा सोडत राहा."

आवाज नव्हता, नुसती फुंकर. पण यंत्राच्या काचेवर एक निळी रेघ दिसत होती, पापुद्र्याखालच्या तिच्या स्वतःच्या पडद्यांची थरथर. पेटीचा भाता हलवत डॉक्टर खाली खाली जात राहिल्या. रेघ त्यांच्या मागं मागं. किती खाली गेल्या तरी रेघ तुटेना. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"काय झालं? कॅन्सर हाय का?"

"काहीतरी बोलू नकोस. ऐक. प्रत्येक गळ्याला एक तळ असतो आणि एक शेंडा. त्या दोन्हींच्या मधलं जेवढं अंतर, तो तुझा पल्ला. पण पल्ला मोजला म्हणजे आवाज कळला असं नाही. त्या पल्ल्यात एक जागा असते, जिथं आवाज न ओढता, न ढकलता आपोआप येऊन बसतो. दिवसभर बोललीस, गायलीस तरी दुखत नाही. त्या जागेला आम्ही स्वरठाव म्हणतो. बायकांचे ठाव तीन. उंच, मधला आणि खोल. पुरुषांचेही तीनच, फक्त ते आणखी खाली."

"म्हंजे आवाजाची पण जात असतीया."

"जात नाही, ठाव."

"तेच की. दवाखान्यात पण सोडत न्हाईत."

डॉक्टर हसल्या. "जात दुसरे ठरवतात, हे तुझं हाड ठरवतं. लोक फसतात ते शेंडा बघून. एखादी पोरगी वरचा स्वर लावते, की सगळे म्हणतात उंच आवाजाची आहे. अगं, शिडीवरून कौलांवर चढता आलं म्हणून काय माणूस कौलांवर राहतो? राहायचं घर खालीच असतं. तुझी बहीण उंच ठावाची होती, वरच राहायची. तू तिच्या आवाजात गेली तीन वर्षं कौलांवर बसलीयस. संध्याकाळी मान दुखते?"

तुळजाचा हात आपोआप मानेकडं गेला. "दुखती. मला वाटायचं रागानं दुखती."

"रागानंही दुखत असेल."

डॉक्टरांनी एक बटण दाबलं. "हा अंदाज आहे हं. चित्रकारानं नुसत्या कवटीवरून चेहरा काढावा तसा. पापुद्रा नसता तर तू आज कशी ऐकू आली असतीस, ते."

एका बाईचा आवाज आला. एकच स्वर, 'आ'. खोल आणि रुंद, भरल्या कणगीवर तळहातानं थाप मारल्यासारखा. खोलीतली हवा जड झाली. तुळजा यंत्राकडं वळली.

"कोण हाय ही?"

"तू."

"खोटं."

"खोल ठाव बायकांत फार दुर्मीळ असतो. माझ्या हाताखालून हजारो गळे गेले. असा पहिलाच."

तुळजा उठून उभी राहिली, खुर्ची मागं पडली. "मग मला कशाला ऐकवलं? उगा ऐकवलं! मी बरी होते की न्हाई?" आणि हे सगळं ती रेणूच्या बारीक आवाजात ओरडली, त्यामुळं तिचा तिलाच आणखी राग आला.

डॉक्टरांनी खुर्ची उचलून सरळ केली. "ऐकवलं, कारण आता ठरवावं लागणार आहे. तुला बसवला तेव्हा तुझा गळा वाढायचा होता. तो त्या पापुद्र्याखाली वाढला. आता तुझी कातडी त्याच्यात शिरतेय. लोणचं मुरतं तसा पापुद्रा मुरतो. दिवाळीच्या आत काढला तर निघेल. नंतर नाही. नंतर तो पापुद्रा राहणार नाही, तूच होशील."

"आणि माझा?"

"आत राहील. मरणार नाही. पण तुलासुद्धा कधी ऐकू येणार नाही."

"काढला तर रेणूचा परत लावता येतोय?"

"नाही. निघताना तो फाटतो. आणि तुझा गळा आता तिच्या मापाचा राहिलेला नाही."

*

आई पोळ्या लाटत होती. तुळजानं सगळं सांगितलं. आईचं लाटणं थांबलं नाही.

"ठेव तसाच. काय वाईट हाय त्यात? चांगला आवाज हाय."

"चांगला हाय, पण तिचा हाय."

"ती काय परकी होती?"

"आई, मी मेलेय का? गल्लीत मला रेणू म्हणतात. घरात रेणू म्हणतात. काल स्वप्नात मी मलाच हाक मारली तर ती पण तिच्या आवाजात. माझा आवाज मी तीन वर्सं ऐकलाच न्हाई गं!"

"तुझ्या आबांकडं बघ जरा."

"बघतेच की! त्यांना दिसत न्हाई म्हणून सगळं मलाच बघायला लागतंय."

आईनं पोळी तव्यावर टाकली. ती करपली तरी उलटली नाही. "एक पोरगी मी जाळली," ती हळू म्हणाली. "तिचा आवाज तेवढा माझ्या घरात फिरतोय. तोबी काढून टाकणार तू. टाक. मला इचारू नगंस."

तुळजा दाराला लाथ मारून ओट्यावर गेली. आबा संबळाची कातडी पुसत बसले होते. पैंजण ऐकून म्हणाले, "कुणावर चिडलीस गं?"

"कुणावर न्हाई."

"हल्ली तू बारकीवानी चिडतीस." ते थोडं हसले. "चिड, चिड. बरं वाटतं."

ते "बरं वाटतं" म्हणताना त्यांचा हात कातडीवर एकाच जागी गोल गोल फिरत राहिला. तुळजाच्या नजरेनं ते टिपलं, पण तिला त्याचा अर्थ लागला नाही. तिला एवढंच कळलं, की आबांना बारकी आठवते. बारकी त्यांना हवी आहे. मग लपवायचं कशाला? रेणू गेली हे त्यांना रडून रडून सोसेल, पण बारकी परत मिळेल. आता ते काही आजारी नाहीत. त्या रात्री तिनं ठरवून टाकलं, आणि एकदा ठरवलं की ती देवाच्या बापाचं ऐकायची नाही.

सही तिची तिनंच केली.

काढायला फार वेळ लागला नाही. वाटीतल्या पाण्यात एक पांढरट तुकडा तरंगत होता, दुधावरची साय फाटावी तसा. तुळजा त्याच्याकडं बघत राहिली. डॉक्टर म्हणाल्या, गळा ओला आहे, जखम भरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

घरी आईनं आबांना सांगितलं, "रेणूचा घसा बसलाय. डॉक्टरनं बोलायला बंदी केलीया." आणि आबांनी घर डोक्यावर घेतलं. ज्येष्ठमध आणायला लावलं. स्वतःच्या हातानं आल्याचा तुकडा कुटून मध घातला आणि वाटी चाचपडत तिच्यापुढं धरली. "घे. बोलू नगंस. मान हलीव नुसती." मग त्यांच्याच लक्षात आलं, मान हलवली तरी त्यांना कुठं दिसणार. तेव्हापासून ती बोटानं ओट्यावर टकटक करायची, एकदा म्हणजे हो. आबा रोज संध्याकाळी एकटेच बोलायचे आणि ती टकटक करायची. आई तिच्याशी त्या दिवसांत एक अक्षर बोलली नाही.

जखम भरली का ते बघायला ती डॉक्टरांकडं गेली. "बोल आता," डॉक्टर म्हणाल्या.

"काय बोलू?" तुळजा म्हणाली, आणि दचकून तिनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

*

घरी आल्यावर तिनं आधी पैंजण काढले. त्यांच्या आवाजावरून आबा तिला रेणू म्हणणार, आणि मग सगळं तिथंच अडणार. पैंजण भिंतीतल्या देवळीत ठेवले, मागच्या दारानं बाहेर पडली आणि गल्लीला वळसा घालून अनवाणी पुढच्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली. आई गिरणीत गेली होती. ऊन उतरलं होतं. आबा तुणतुण्याची खुंटी पिळत बसले होते.

"आबा."

त्यांचा हात थांबला. मान तिरकी झाली. "कोण म्हणायचं? बाप्या म्हणावं तर न्हाई, आणि बाईचा असा आवाज कवा ऐकला न्हाई. कुठल्या मेळातल्या, ताई?"

तुळजानं वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही सापडेना. तिला बापानं 'ताई' म्हटलं होतं.

"हितलीच," ती म्हणाली.

"बसा की. कारभारीण येईल आता. पोरगी आत हाय, पर घसा बसलाय तिचा. न्हाईतर ऐकवली असती. लई गोड गाती."

"एकच मुलगी?" हे तिनं का विचारलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

आबांनी खुंटी पिळली. तार कुरकुरली. आतल्या दाराकडं कान देऊन ते एकदम हळू आवाजात बोलायला लागले.

"दोन हुत्या. बारकी गेली. गाडी पलटली तवाच."

"कुणी... कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणीच न्हाई. मला म्हणत्यात, ती सोलापूरला शाळंत हाय." ते हसले. "ताई, ती पोर मधल्या सुट्टीत भिंतीवरनं उडी टाकून यायची. ती तीन वर्सं शाळंत बसंल? मास्तर जित्ता राहील का त्यो?" हसता हसता त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "माझ्यापायी खोटं बोलत्यात मायलेकी. मी बी ऐकून घेतो. मी रडलो तर रेणूनं काय करायचं? ती तर कवा कवा मुद्दाम बारकीवानी चिडती, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून. पैंजण आपटत येती. मी म्हणतो, चिड बाई. आत जीव तुटतोय, पर म्हणतो."

तुळजानं ओट्याची कड धरली.

"आमच्यात मोजदाद असती," आबा म्हणाले. "तारंवर ज्यानं त्यानं आपला सा द्यायचा. ती म्या बंद केली. बारकीचा येणार न्हाई, ती रिकामी जागा कानानं ऐकायची कशी? तिच्या नावानं दहावा न्हाई, तेरावा न्हाई. मी एकटाच मनातल्या मनात—" तार छेडायला उचललेलं बोट त्यांनी परत खाली ठेवलं. "तुम्ही परक्या, म्हणून बोललो. आत सांगू नगा."

तुळजा पायरी चढली. तिनं त्यांचा उजवा हात धरला, उचलला आणि स्वतःच्या डाव्या भुवईवर टेकवला. तिथं एक व्रण होता. लहानपणी संबळ वाजवायचं टिपरू पळवताना ती उंबऱ्यावर आपटली होती, आणि आबांनीच हळद दाबून धरली होती.

बोट व्रणावरून गेलं. परत आलं. परत गेलं.

"बारके?"

"व्हय, आबा."

"आवाज... हा आवाज कुणाचा?"

"माझाच हाय. असाच हाय माझा."

आबांनी दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं. कान, हनुवटी, नाक, सगळं दाबून दाबून बघितलं, कणीक मळावी तसं.  मग ते एकदम मोठ्यानं हसले. तीन वर्षांत असे ते हसले नव्हते.

"आबा, ऐका, मला सांगायचंय—"

"मागनं सांग! सगळं मागनं सांग!" ते उभे राहिले, धडपडले, तिचा खांदा धरून सावरले. "म्हंजे खरंच शाळंत हुतीस व्हय गं? आणि मी गाढव! मी समजलो ह्या खोटं बोलत्यात! अगं तीन वर्सं मी तुझं—"

आई पिठाचा डबा डोक्यावर घेऊन कोपऱ्यावर आली आणि जागच्या जागी थांबली.

"कोण, तू का?" आबांनी पावलं ओळखली. "आगं, ये लवकर! बारकी आली बघ! आवाज बघ कसा झालाय, माझ्या बापाचा असा हुता! काय रडतीस, खुळे?" आईनं डबा खाली ठेवला. तिनं तुळजाकडं बघितलं. तुळजानं आईकडं. 

आबांनी तुणतुणं उचललं. खुंटी बरोबर लागली.

"आज मोजदाद. समदी हायती आज. आणि आज उलटी, बारकीपासनं. टाक आवाज."

तार वाजली. तुळजाचा सा पहिल्यांदाच धडपडला नाही. तो तळात गेला आणि आबांच्या सा-शेजारी जाऊन बसला. आबांनी मान डोलावली, गालांवरून पाणी वाहत होतं, त्यांनी पुसलं नाही. आपला सा दिला. मग आईनं कसाबसा आपला दिला, मधेच तुटलेला.

आबांनी तार दाबली नाही. ते छेडत राहिले आणि त्यांनी तोंड घराच्या आतल्या दाराकडं वळवलं.

"रेणे," ते लाडानं म्हणाले. "डॉक्टरनं बंदी केलीया, ठाव हाय मला. बोलू नगंस. नुसता सा दे. हळू दिलास तरी चालंल."

तार वाजत होती. आत देवळीत पैंजण पडले होते. तुळजानं आबांचं मनगट धरलं, पण त्यांनी ते हसत हसत सोडवून घेतलं.

"दम धर की. तिचा राहिलाय."

आणि कान दाराकडं लावून ते परत छेडायला लागले.